खातेधारकाने दिलेल्या माहितीच्या आधारे

आमच्या जिन्यात मध्यंतरी एक बातमी फुटली, की शेजारच्या टाचणीने या वयात कुणीतरी गडी जमवलाय. बातमी कुठून फुटली ते विचारू नका. तिचा उगम आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी आहे आणि त्या भिंतीला लागलेला कान माझाच. पण पुरावा भक्कम होता हो. रोज दुपारी दोनच्या ठोक्याला ती दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढायची, वर यायची, दाराला आतून कडी घालायची, आणि पाच मिनिटांत भिंतीपलीकडून आवाज: "अरे, धावतोस कुठे पुढे? थांब, आधी जखम बांधू दे." नाहीतर: "तुला म्हटलं ना, तो म्हातारा लबाड आहे. त्याच्या नादी लागू नकोस." साठीला टेकलेली बाई, नवरा जाऊन काही वर्षं झालेली, गुडघे जिना चढताना करकर वाजतात, आणि ही कुणाच्या जखमा बांधतेय? मी आठ दिवस कळ काढली. नवव्या दिवशी रिकामी वाटी घेऊन साखर मागायला गेले.

दार उघडलं, पण ती माझ्याकडे बघेचना. टेबलावर मुलाचा जुना कॉम्प्युटर, पडद्यावर झाडाखाली चार माणसं, त्यातल्या चिलखत घातलेल्या एकाच्या दंडातून रक्त येतंय, आणि समोर अस्वल. "ये. बस. कशाला हात लावू नकोस. अस्वल गेलं की बोलते."

तर दुरुस्ती अशी, की टाचणीने कुणीही जमवलेला नव्हता. ती व्हिडिओ गेम खेळत होती. ही दुरुस्ती मी त्याच संध्याकाळी चारही मजल्यांसाठी सोडली. पण खोट्याला पाय नसतात म्हणतात ना, आमच्या जिन्यात उलटं आहे; पहिली बातमी तळापर्यंत धावत गेली आणि दुरुस्ती पहिल्या मजल्यावरच दम लागून बसली.

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. तोंडात कायम चार-पाच टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं ओठांच्या एका कोपऱ्यातून, आणि जे बोलेल ते टोचणारं. ती मला भोंगा म्हणते, तेही तोंडावर. म्हणजे फिटंफाट. तिचं काम नवे कपडे शिवायचं नाही, दुसऱ्याने शिवलेले सुधारायचं. पँट आखूड कर, कंबर सैल कर, चेन बदल, कोटाचं अस्तर लाव, पडद्यांची तुरपाई कर. तळमजल्यावर लिफ्टशेजारची खोली, त्यात एक मशीन, एक इस्त्री, एक उभा आरसा, आणि भिंतीभर खुंट्यांना लटकलेली गिऱ्हाइकं. म्हणजे त्यांचे कपडे. प्रत्येक कपड्याला चिठ्ठी टोचलेली, आणि चिठ्ठीवर नाव नसायचं, व्यंग असायचं: 'दोन बोटं कमी, डावा खांदा उतरता.'

समोरच्या बँकेतले साहेब तिसऱ्यांदा चेन बदलायला आले आणि म्हणाले, "तुमच्या चेनी टिकत नाहीत बुवा." ही टाचण्यांमधून म्हणाली, "चेन काय करणार? ती बिचारी मध्ये उभी आहे, दोन्हीकडून तुम्ही ओढताय."

माप घेताना तर ती देवाचंही ऐकायची नाही. कुणी पोट आत ओढून उभा राहिला, की ही कंबरेला टेप धरून तशीच थांबायची. एक शब्द नाही. अर्धं मिनिट जायचं, माणूस लाल व्हायचा, आणि हुश्श करून श्वास सोडला की मग आकडा वाचायची. "मला घाई नाही," म्हणायची. "माप खरं पाहिजे."

नवरा पाण्याचे मीटर वाचायचा. गरीब माणूस. घरात त्याचा आवाज नळासारखा, तोही कमी दाबाचा. आणि मुलगा एकच, लंबू. त्याच्या पँटी ही खाली चार बोटं आत दुमडून ठेवायची आणि दर सहा महिन्यांनी एक बोट सोडायची. आत किती कापड दडवलंय यावरून त्याला किती वाढायचंय हे तिने आधीच ठरवलेलं. चौदाव्या वर्षी तो सायकलवरून पडला, पाय दोन ठिकाणी मोडला, तीन महिने प्लास्टर. बापाने कुणाकडून तरी वापरलेला कॉम्प्युटर आणला आणि त्यावर तो खेळ.

भूमिका घेऊन खेळायचा खेळ म्हणतात त्याला. एक भलंमोठं जग. त्यात गावं, जंगलं, लबाड म्हातारे, अस्वलं. तुमची चार जणांची टोळी. एकाने तलवार चालवायची, एकाने कुलपं उघडायची, एकाने मंत्र म्हणायचे, आणि एक वैदू. ती मागे राहणार आणि जो पडेल त्याच्या जखमा बांधणार. लंबू पलंगावर पाय वर टांगून तलवार चालवायचा आणि आई शेजारी स्टुलावर बसून तुरपाई करायची. बटणांच्या पाटीवरचं एकच बटण तिचं, जखम बांधायचं. तो ओरडला, "आई, आता!" की सुई कापडात तशीच खोचून ठेवायची आणि बटण दाबायची. तीन महिन्यांत पोराचं हाड जुळलं आणि आईला खेळ लागला. खेळाचं खातंही तिच्याच नावावर, कारण पोर अज्ञान. कंपनीला मोठ्या माणसाची सही लागत होती. पासवर्ड दोघांना पाठ.

पुढे लंबू परदेशी गेला, मालाच्या कुठल्याशा मोठ्या गोदामात कामाला. आणि एका सकाळी त्याचा बाप कुणाच्या तरी फाटकाशी मीटर वाचता वाचता खाली बसला, तो उठलाच नाही. लंबूचे तिकडे राहण्याचे कागद त्याच आठवड्यात साहेबाच्या टेबलावर होते. देश सोडला तर परत घेणार नव्हते. तो आला नाही. फोनवर रडला. ही रडली नाही. ही म्हणाली, "आता कधी आलास तरी हे दार उघडणार नाही."

रागात माणूस बोलतो. बोलून झालं की दोन दिवस जाऊ द्यायचे आणि मग उगाच 'तुझी निळी छत्री कुठेय रे' असं काहीतरी विचारायला फोन करायचा, ही रीत आहे. पण दोघं एकाच ताग्यातले. तिने फोन केला नाही. त्याने केला नाही. सहा महिने गेले, वर्ष होत आलं. मी दोनदा समजवायला गेले आणि दोनदा तिने माझं माप काढून परत पाठवलं.

मग एका दुपारी वीज गेली म्हणून मशीन बंद पडलं, ही वर आली, वीज आल्यावर काय मनात आलं कोण जाणे, तिने तो जुना खेळ उघडला. त्या खेळात टोळीचं एक घर असतं आणि घरात एक पेटी. जास्तीचं सामान त्यात टाकून पुढच्या गावाला जायचं. हिने पेटी उघडली तर आत एक हाडाची सुई. खेळात तिची किंमत शून्य. कुणी उचलतसुद्धा नाही. आणि हिने तर ती ठेवलीच नव्हती.

आता हे नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं फुकट जाईल. खेळ कुठवर आला हे आपल्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये राहत नाही, कंपनीच्या मशीनमध्ये साठतं. जगात कुठेही बसून तेच खातं उघडलं, की काल जिथे सोडलं तिथून पुढे. म्हणजे लंबू तिकडे, त्याच्या रात्रपाळीच्या आधी का नंतर, आईचंच खातं उघडून त्याच जंगलात हिंडत होता. आणि त्याने पेटीत सुई ठेवली होती.

तिने मला नंतर सांगितलं, की ती तासभर नुसती बघत बसली. मग सुई काढून घेतली आणि तिच्या जागी लोकरीचे हातमोजे ठेवले. तिसऱ्या दिवशी हातमोजे नव्हते. वाळवलेला मासा होता.

अशी चार वर्षं चालली. एक शब्द नाही. फोन नाही, पत्र नाही. फक्त पेटी. त्याने एकदा तुटलेली ढाल ठेवली, आणि ही खाली दुकानात येऊन म्हणाली, "त्याची नोकरी गेली." मी म्हटलं, "ढालीवरून कळलं?" म्हणाली, "तू कोट बघून माणसाचा पगार सांगतेस, मग मी गप्प बसते ना?" तिने ती ढाल खेळातल्या लोहाराकडून दुरुस्त करून परत पेटीत ठेवली. तीन आठवडे ढाल हलली नाही. या तीन आठवड्यांत तिने दोन पँटी उलट्या बाजूने शिवल्या. मग एक दिवस ढाल गेली आणि त्या जागी मधाचा बुधला आला. त्या दिवशी तिने गिऱ्हाइकाला चहा पाजला! बँकेचे साहेब तो कप हातात धरून बराच वेळ संशयाने हुंगत होते.

बाप गेला त्या तारखेला पेटीत एक मेणबत्ती असायची. दर वर्षी. त्या दुपारी भिंतीपलीकडून आवाज यायचा नाही.

आणि एकदा असं झालं, की हिने दोन वाजता खेळ उघडला तर पडद्यावर पाटी आली: 'हे खाते सध्या दुसऱ्या ठिकाणी वापरात आहे.' एका वेळी एकालाच खेळता येतं. मला वाटलं चिडेल. मी गेले तेव्हा ती त्या पाटीसमोर खुर्ची ओढून बसली होती, हातात दुरुस्तीचा फ्रॉक, आणि चेहरा असा की जणू शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय.

"उघडत नाही का गं?" मी विचारलं.

"हळू बोल," ती म्हणाली. "तो आत आहे."

हे एवढंच तिच्याकडे होतं. बाकी मशीन, इस्त्री आणि मी. यातलं धड एकही नाही.

आता भावाची गोष्ट. ती मला तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरने समजावली. हा डॉक्टर दिवसा माणसांच्या दाढा काढतो आणि संध्याकाळी त्याच खेळांत राक्षसांच्या. खेळ एकच, पण दर देशाला भाव वेगळा. जिथे लोकांचे पगार कमी, तिथे स्वस्त. जिथे जास्त, तिथे महाग. मला यात नवल वाटलं नाही. आमचा भाजीवालाही आधी पायांतल्या चपला बघतो आणि मग भाव सांगतो. पण होतं काय, की महाग देशातली मंडळी स्वस्त देशाचा पत्ता लावून खेळ घेतात. म्हणून कंपनी डोळ्यांत तेल घालून बसलेली. आणि खेळ घेतला म्हणजे घेतला असंही नाही. "काकू, पैसे देऊन आपण खेळ विकत घेत नाही," डॉक्टर म्हणाला, "खेळायची परवानगी घेतो. परवाना. तो एका माणसाचा, आणि स्वस्तातला असेल तर त्याच देशापुरता."

"म्हणजे भाड्याने?"

"भाडेकरूला निदान नोटीस मिळते."

तेव्हा मी हसले होते.

त्या खेळाचा दुसरा भाग निघाला. टाचणीने जाहिरात पाहिली: जुनं घर, जुनी टोळी, जुनी पेटी, सगळं सामानासकट नव्या भागात नेता येईल. इकडे त्याची किंमत चौदा चेनींची मजुरी. तिकडे त्याच्या पाचपट. "तिकडे तो कशाला घेईल एवढ्याला?" ती म्हणाली. "आणि जुन्या भागातच राहिलो, आणि त्याने नवा घेतला, तर तो पुढे जाईल आणि मी मागे." तिने चौदा चेनी बसवल्या आणि आपल्या कार्डावर, आपल्या खात्यात, दुसरा भाग घेतला. स्वतः उघडला नाही. त्याला आधी उघडू दे म्हणाली. तिसऱ्या दिवशी खात्यात दिसलं: 'खेळलेला वेळ: चाळीस मिनिटे.' ती चाळीस मिनिटं तिने मला इतक्या वेळा दाखवली, की मला ती स्वतः खेळल्यासारखी वाटायला लागली.

आणि आठवड्याने कंपनीची पाटी आली. विकत घेतला इकडे, उघडला गेला तिकडे, तेव्हा: 'कृपया आपला निवासाचा देश निश्चित करा.' खाली या देशाचं नाव आणि दोन चौकोन. 'होय, हाच.' 'नाही, बदलला आहे.' त्याच्याही खाली बारीक अक्षरांत: 'आणखी काही कळवायचे असल्यास येथे लिहा,' आणि एक रिकामी पेटी.

तिने मला हाक मारली. मी गेले तेव्हा तिचं बोट 'होय'वर होतं. "मी तर इथेच राहते," ती म्हणाली. "दाबू?"

आता इथे मी आले. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, दाब बाई. मी म्हटलं, "थांब! नुसतं होय म्हटलंस तर उद्या म्हणतील, मुलाचं लपवलंत. त्यापेक्षा आधीच सगळं मोकळेपणी सांगून टाकावं. तिकडे बसलेली माणसंच आहेत ना? त्यांनाही आई असेल. नीट सांगितलं तर कुणाचंही मन पाघळतं." आयुष्यभर मी असंच करत आलेय. रेशनची रांग असो, दवाखान्याची खिडकी असो, खिडकीमागच्या माणसाला आपली अख्खी कहाणी ऐकवायची. निम्म्या वेळा तो ऐकायचा कंटाळा येऊन काम करून टाकतो.

तिने टाचण्या काढल्या आणि विचार केला. "म्हणजे पोट आत ओढून उभं राहायचं नाही," ती म्हणाली. "ते बरोबर आहे. लिही."

मी लिहिलं. काय लिहिलं हो! 'आदरणीय महोदय' पासून सुरुवात. एक दुर्दैवी माता. एक रुसलेला पुत्र. सुई, हातमोजे, मासा, ढाल. "दुर्दैवी कशाला?" टाचणी म्हणाली, "त्यांना माप द्यायचंय, रडगाणं नको." पण मी रंगात आले होते. पाचशे अक्षरांवर ती पेटी बंद पडायची, तेव्हा आम्ही तीन वेळा पाठवलं. पहिलं पत्र 'आणि मग त्या माऊलीने' वर तुटलं, दुसरं मधाच्या बुधल्याशी. मुलगा कुठल्या देशात, किती वर्षं, दोघं एकच खातं कसं वापरतात, पासवर्ड दोघांना कसा पाठ आहे, सगळं. एक टाका सोडला नाही. संध्याकाळी मी जिन्यात चौघींना त्यातले उतारे म्हणून दाखवले. दोघींचे डोळे पाणावले. मला वाटलं, काम झालं.

चार दिवसांनी उत्तर आलं. इतकं सभ्य, की पहिल्या दोन ओळी वाचून मी टाळी वाजवली. 'आपण दिलेल्या सविस्तर माहितीबद्दल आभार.' पुढे: परवाना वैयक्तिक असून तो अन्य व्यक्तीस वापरण्यास देता येत नाही. या प्रदेशाच्या दराने घेतलेला खेळ या प्रदेशाबाहेर वापरता येत नाही. आपण स्वतः कळवल्याप्रमाणे दोन्ही नियमांचा दीर्घकाळ भंग झालेला आहे. सबब खाते कायमचे बंद करण्यात येत आहे. दुसऱ्या भागाची रक्कम परत केली जाईल.

ती खाली दुकानात होती, किल्ली देऊन मलाच वर बघायला धाडलेलं. मी कागदावर उतरवून नेलं आणि वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं, हातातली पँट पुरी केली, दोरा दाताने तोडला. मग म्हणाली, "माप चुकलं की मीही पैसे परत देते. पण भर रस्त्यात गिऱ्हाइकाच्या अंगावरून पँट उतरवून नेत नाही."

मी डॉक्टरला गाठलं. तो दवाखान्यातून हात पुसत बाहेर आला, पत्र वाचलं, आणि मग आमचं पत्र मागितलं. ते वाचताना त्याच्या चेहऱ्यावर, एखाद्याने दुखरी सोडून चांगली दाढ काढून घेतली की येत असेल तसं काहीतरी आलं.

"काकू, हे कुणी लिहायला सांगितलं?"

मी कागद त्याच्या हातातून काढून घेतला.

"ती पाटी लाखो लोकांना येते. ती कुणी वाचत नाही. मशीन नुसतं बघतं, होय दाबलं का नाही. होय दाबलं असतं तर संपलं होतं. आणि ते खरंच होतं की! खातं त्यांचं, राहतात त्या इथेच. खाली तुम्ही लिहिलंत, म्हणून ते माणसाकडे गेलं."

म्हणजे मला हवा होता तोच माणूस मिळाला होता. त्याने सगळं वाचलं होतं, सुईपासून बुधल्यापर्यंत, आणि मग नियमाचा आकडा घातला होता.

डॉक्टर वर आला, अजून काही निघतंय का बघायला. टाचणी शटर ओढून आमच्या मागोमाग. त्याने खेळ उघडायचा प्रयत्न केला. काळा पडदा, आणि मधोमध पांढऱ्या अक्षरांत: 'खातेधारकाने दिलेल्या माहितीच्या आधारे हे खाते बंद करण्यात आले आहे.'

 मग तिने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या गादीत टोचल्या.

"हे त्याला पण दिसत असेल?"

"हो, काकू."

"हेच? असंच लिहिलेलं?"

"हेच दिसतं सगळ्यांना."

"खातेधारक म्हणजे मी."

 डॉक्टरने उगाच एकदा तेच बटण परत दाबलं.

"म्हणजे तो कामावरून आला असेल," ती म्हणाली, "हे उघडलं असेल, आणि वाचलं असेल की आईने सांगून बंद करवलं. आधी त्याच्यासाठी नवा भाग घेतला, त्याला आत घेतलं, आणि मग दार लावलं." ती खुर्चीत बसली. "मी म्हटलं होतंच ना त्याला. दार उघडणार नाही म्हणून. त्याला वाटेल, बोलले ते केलं."

मी म्हटलं, "फोन कर. आत्ता." चार वर्षांत पहिल्यांदा तिने वाद घातला नाही. वहीतून नंबर काढला, लावला. तो नंबर आता अस्तित्वात नव्हता. लंबूच्या शाळेतल्या मित्राचा पत्ता मी काढला. कुणाचाही पत्ता काढणं हा माझा डाव्या हाताचा खेळ. तो म्हणाला, ढालीच्या सुमाराला, म्हणजे नोकरी गेली तेव्हा, लंबूने ते शहर सोडलं. पुढे माहीत नाही. त्याच्याकडून एक मेलचा पत्ता मिळाला, त्यावर आम्ही तीन मेल पाठवले. ते पोचले का पडले हेही कळलं नाही. गोदामाला लिहिलं. त्यांनी कळवलं, माजी कर्मचाऱ्यांची माहिती आम्ही कुणाला देत नाही. माझी अख्खी हयात दुसऱ्यांची माहिती काढण्यात गेली, आणि नेमकी इथे जगातली सगळी माणसं तोंड मिटून बसलेली.

कंपनीला विनंती केली. या वेळी एक ओळ, तीही डॉक्टरने लिहिली: खातं बंद ठेवा, पण पडद्यावरचं वाक्य बदला. उत्तर आलं, ते वाक्य सर्व प्रकरणांत एकच असतं. पुन्हा लिहिलं: निदान मुलाला एक ओळ पोचवा. उत्तर आलं, तुमच्या खात्याशी दुसऱ्या कुठल्याही व्यक्तीचा संबंध आमच्याकडे नोंदलेला नाही. तिसऱ्या वेळी आलं, हा निर्णय अंतिम आहे.

ती आता दोन वाजता वर येत नाही. शटर उघडंच असतं, मशीन चालू असतं. माझ्या स्वयंपाकघरात दुपारी इतकी शांतता असते की फ्रिजचा आवाज खुपतो. कामात चुका व्हायला लागल्यात. परवा एका पँटचा एक पाय दोन बोटं आखूड झाला. गिऱ्हाईक ओरडलं, आणि ती म्हणाली, "आणा, दुसराही तेवढाच करते." पूर्वी असल्या माणसाला तिने असं काही सुनावलं असतं की तो पँट तिथेच टाकून पळाला असता. बँकेचे साहेब पोट आत ओढून उभे राहिले, आणि तिने थांबून बघितलं नाही. जो आकडा दिसला तो लिहिला. साहेबांनाच कसंतरी झालं. जिन्यात मला थांबवून विचारलं, "बाईंची तब्येत बरी आहे ना?" मी त्यांना काहीच सांगितलं नाही. हे मी स्वतःच्या कौतुकासाठी लिहीत नाही, पण घडलं खरं.

मेणबत्तीची तारीख आली. त्या दिवशी तिने दुकान बंद ठेवलं. मी संध्याकाळी चहा घेऊन गेले. कॉम्प्युटर चालू होता, तोच काळा पडदा, तेच वाक्य. ती समोर बसलेली, हातात काही काम नाही. मी तिला कधी रिकाम्या हाताने बसलेली पाहिलेली नव्हती. चहा ठेवला. तिने घेतला नाही.

मी म्हटलं, "हे बघ, चूक माझी आहे."

ती म्हणाली, "हो."

एवढंच. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. त्या 'हो'ला कुठे धरायला जागा नव्हती.

मला गप्प बसवत नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. मी म्हटलं, "अगं, नवं खातं काढू. माझ्या नावावर काढू. पहिला भाग परत घेऊ, मी देते पैसे. तीच टोळी कर, तीच वैदू हो, तेच घर बांध. मला शिकव. तू दुपारी खेळ, मी संध्याकाळी खेळेन. मीही ठेवत जाईन काहीतरी पेटीत. तुला निदान उघडायला तरी होईल."

तिने पडद्यावरून नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं. टाचण्या नव्हत्या तोंडात, तरी ओठांच्या त्याच कोपऱ्यातून बोलली.

"माझा मुलगा चार वर्षं एक अक्षर बोलला नाही आणि मला सगळं कळत होतं. तू पेटीत काय ठेवणार आहेस, ते मला आदल्या दिवशीच जिन्यात ऐकू येईल."